न्यूट्रलचा कबुलीजबाब

१

गिअरबॉक्स लोखंडी टेबलावर उघडा पडला होता आणि भोवती वर्कशॉपमधली माणसं हात मागे बांधून उभी होती. तेलाला करपलेला वास येत होता. चाकांकडे जाणारा दांडा मागच्या टोकाला ज्या गोल कड्यात फिरतो ते कडं, म्हणजे बुश, निळंकाळं होऊन दांड्यालाच चिकटून बसलं होतं. फोरमन म्हणाला, हातोडीनंसुद्धा सुटलं नाही. इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही, असंही तो म्हणाला. हे तो प्रत्येक गाडीच्या वेळी म्हणत असे.

सर्वेअर बाईंनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला. हमीच्या मुदतीत एखादी गाडी मोडली, की चूक बनवणाऱ्याची की वापरणाऱ्याची हे ठरवायला कंपनी बाईंना पाठवत असे. त्यामुळे जिथं जातील तिथं एक बाजू त्यांच्यावर नाराज व्हायचीच. वर्कशॉपमध्ये त्यांना पाठीमागे ‘पोस्टमॉर्टेमवाल्या मॅडम’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. आई गेल्यापासून त्यांना टोपणनावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा हेही काही वाईट नव्हतं.

फोरमननं निकाल तयारच ठेवला होता. गाडी ऑटोमॅटिक. मालक टेकडीवर एकटे राहणारे म्हातारे दाताचे डॉक्टर. उतार दिसला की डॉक्टरांचा हात गिअरच्या दांड्यावर जाणार आणि गाडी न्यूट्रलमध्ये पडणार, हे घाटातल्या दुकानदारांपासून सगळ्यांना माहीत. फोरमननं स्वतः त्यांना दोनदा बजावलं होतं. डॉक्टरांनी उलट त्यालाच दात नीट घासायला सांगितलं होतं.

“त्या न्यूट्रलनंच गिअरबॉक्स खाल्ला, मॅडम,” तो म्हणाला. “लिहून टाका, आपण दोघं मोकळे.”

तेवढ्यात डॉक्टरांची लेक आली. ती शहरातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि आल्या आल्या वर्कशॉपमधली गडबड आपोआप थांबली. तिनं बाईंना बाजूला घेतलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं की कंपनी भरपाई देते का नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तिला एकच ओळ हवी होती. बाबांच्या एका डोळ्याचा पडदा सरकला होता, त्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तरी ते घाटात गाडी चालवत होते, आणि परवा चढावर, वळणाच्या तोंडाशी गाडी बंद पडली. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला म्हणून बाबा आज आहेत.

बापलेकीत करार झाला होता. चूक बाबांच्या चालवण्याची निघाली, तर किल्ली लेकीकडे, टेकडीवरच्या घराला कुलूप, आणि बाबा तिच्या फ्लॅटमध्ये राहायला. चूक त्यांची नसेल, तर तिनं हा विषय पुन्हा काढायचा नाही. अट बाबांनीच घातली होती आणि तीसुद्धा फोनवर ओरडून.

“म्हणजे त्यांचं घर माझ्या रिपोर्टवर आहे,” बाई म्हणाल्या.

“त्यांचा जीव तुमच्या रिपोर्टवर आहे,” लेक म्हणाली.

ती गेल्यावर बाई पुन्हा टेबलाशी आल्या. काळ्या बुशाकडे सगळ्यांनी पाहिलं होतं. बाईंनी विचारलं, क्लचच्या प्लेट्स कुठं आहेत. फोरमननं कुरकुरत तेलाचा ट्रे पुढे ओढला. बाईंनी एकेक प्लेट उचलून फडक्यानं पुसली आणि उजेडाकडे धरली. सगळ्या चांगल्या होत्या, एकही करपलेली नव्हती.

“न्यूट्रलनं गिअरबॉक्स खाल्ला असता,” बाई म्हणाल्या, “तर आधी या खाल्ल्या असत्या.”



२

डॉक्टरांशी बाईंचं आधी एकदा बोलणं झालं होतं, गाडी बंद पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. फोन त्यांनीच केला होता, आणि काय तावातावानं बोलले. त्यांचं म्हणणं असं, की ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप असतो आणि तो इंजिनावर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद होत नाही, नुसतं निवांत चालतं. म्हणजे पंपही चालतो, तेलही फिरतं. मग बिघडायचं काय? न्यूट्रलला उगाच फासावर देऊ नका, असं ते म्हणाले होते.

बाईंनी त्यांना सांगितलं, की गिअरबॉक्सपुरतं तुमचं बहुतेक बरोबर आहे. मात्र भर वेगात ॲक्सिलरेटर दाबून पुन्हा ड्राइव्हमध्ये टाकलंत तर क्लचच्या प्लेट्स घासल्या जातात. शिवाय उतारावर इंजिनाचा धाक सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो, तेव्हा हा शहाणपणा काही फार शहाणपणाचा नाही. डॉक्टर हसले होते. मग दातांवर बोलले, गाड्यांवर बोलले, पुन्हा दातांवर आले. फोन ठेवल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की त्या आठवड्यात इतका वेळ त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या.

आता त्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात त्याच गाडीशेजारी उभ्या होत्या. आधी चाकं पाहिली. ब्रेकचे पॅड झिजून पातळ झाले होते. म्हणजे डॉक्टर न्यूट्रलमध्ये उतरत होते, यात शंका नाही. पण प्लेट्स शाबूत होत्या, म्हणजे ड्राइव्हमध्ये परतताना ते हलक्या पायानं परतत होते. कवळ्या बसवून हलका झालेला हात गिअरवरही तसाच पडत असणार.

मग त्या आत बसल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. गिअरच्या दांड्याजवळ एक नखाएवढं झाकण होतं. बॅटरी मेली की ऑटोमॅटिक गाडीचा दांडा पार्किंगमध्ये अडकतो. तो सोडवायचा, तर हे झाकण उचकटून आतला खटका दाबावा लागतो. एरवी त्याला हात लावायचं कुणाला काही कारण नसतं. डॉक्टरांची गाडी चकचकीत होती, सीटवर सुरकुती नाही, आणि या झाकणाच्या कडेला मात्र ओरखडे होते. कुणीतरी घाईघाईनं, हाताला लागेल त्या टोकदार वस्तूनं ते उघडलं होतं.

बाईंनी डिकी उघडली. स्टेपनीशेजारी हत्यारांचा साचा होता. पान्ह्याच्या खाचेत पान्हा होता आणि जॅकच्या खाचेत जॅक. तिसरी खाच रिकामी होती. ती गाडी ओढायच्या हुकाची खाच होती. बंपरला एक लहान झाकण असतं. ते काढून हा हुक आत फिरवून बसवायचा आणि त्याला दोर बांधायचा. बाई पुढे जाऊन वाकल्या. बंपरवरचं झाकण उलटं बसवलेलं होतं.

त्यांनी फोरमनला विचारलं, गाडी इथं आणताना ओढून आणली का. फोरमन दुखावला. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत आणायला तो काय काल कामाला लागला होता? गाडी मोठ्या ट्रकवर चढवून आणली होती. डिकीतलं सामान आदल्या संध्याकाळी माणसाबरोबर डॉक्टरांच्या घरी पाठवलं होतं. पण हत्यारांच्या साच्याला आपण हातही लावला नाही, असं त्यानं सांगितलं. फक्त एक हुक मोकळाच पडला होता, तो सामानाबरोबर गेला असेल.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला, यायचं आहे म्हणून सांगायला. पलीकडचा आवाज ओळखूच येईना.

“कशाला त्रास घेता?” डॉक्टर म्हणाले. “माझीच चूक आहे. लिहून टाका.”

३

टेकडीवरच्या घरात हॉल होता आणि हॉलच्या मधोमध दातांच्या दवाखान्यातली खुर्ची. दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांना ती विकवली नव्हती. घरातली सगळ्यांत आरामशीर जागा हीच, म्हणून त्यांनी बाईंना तीतच बसवलं. पाय वर, मान मागे. उलटतपासणीला आलेल्या माणसानं अशा अवस्थेत काय दरारा दाखवायचा? बाईंनी पर्स पोटाशी धरली आणि छताकडे पाहत प्रश्न विचारायला सुरुवात केली.

डॉक्टर शेजारच्या स्टुलावर बसले, सवयीनं. उजव्या डोळ्यात अजून लाली होती. त्यांनी सगळं कबूल केलं. न्यूट्रलमध्ये उतरायचो, वेगात उतरायचो, लोकांनी सांगूनही ऐकलं नाही. लेकीनं तर कितीदा सांगितलं. वय झालं की माणूस हट्टी होतो. आता किल्ली तिच्याकडे जाईल आणि ते बरंच होईल. हे सारं ते पाठ करून ठेवल्यासारखं सांगत होते.

बाईंनी विचारलं, त्या दिवशी फोनवर तर तुम्ही पंप आणि तेलाचं मला शिकवत होतात. ते म्हणाले, तेव्हा रागात होतो. बाईंनी विचारलं, ऑपरेशनच्या काळात गाडी कुठं होती. इथंच, शेडमध्ये. ते स्वतः लेकीच्या फ्लॅटमध्ये होते, महिनाभर, बहुतेक वेळ पालथे. डोळ्यातला पडदा चिकटावा म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांनी तसंच निजायला सांगितलं होतं. जमीन सोडून दुसरं काही दिसलं नाही, असं ते म्हणाले आणि थोडं हसले. किल्ल्या किती? दोन. एक त्यांच्याकडे, एक लेकीकडे, अडीअडचणीला.

चष्मा पुसायला फडकं हवं म्हणून त्यांनी भिंतीकडचा ड्रॉवर ओढला. आत त्यांची जुनी हत्यारं होती, आरसे, चिमटे, दात काढायच्या पकडी, सगळी आपापल्या कप्प्यात, आकारानं लहानापासून मोठ्यापर्यंत. आणि त्यांच्या शेवटी, पांढऱ्या कपड्यावर, एक जाड लोखंडी हुक. त्याच्या आट्यांवरचा रंग ताजा खरवडलेला होता आणि गळ्याला दोराचे धागे अडकले होते.

खुर्ची उंच होती म्हणून बाईंना ते दिसलं. डॉक्टरांनी ड्रॉवर हळूच लावून घेतला.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही गाडी कधी कुणाला ओढायला दिलीत?”

“नाही.” हे एक उत्तर त्यांनी पाठ केलेलं नव्हतं. ते लगेच उठले. “कधीच नाही. गाडीला हात फक्त माझाच लागतो. तुम्ही न्यूट्रल लिहा.”

घाट उतरताना बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गुन्हा नाकारणारे त्यांनी खूप पाहिले होते, त्यांचं पोटच त्यावर होतं. पण जो गुन्हा घडलाच नाही तो कबूल करायला इतका उतावीळ झालेला माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. माणूस असं खोटं स्वतःसाठी बोलत नाही. डॉक्टर कुणाला तरी पाठीशी घालत होते.

४

टेकडीवर डॉक्टरांना शेजार एकच. खालच्या वळणावर एक ध्वनिमुद्रक राहत असे. नाटक-सिनेमांसाठी वारा, पाणी, पक्षी, दारं, पावलं असले आवाज गोळा करून देणं हा त्याचा धंदा. लोक त्याला कानसेन म्हणत. बायको सोडून गेली तेव्हा तिच्या चपलांचा आवाज त्यानं टेप करून ठेवला, असंही लोक म्हणत. पण लोकांचं काय घेऊन बसायचं.

बाईंना त्याचाच संशय होता आणि त्याला कारणही होतं. इंजिन बंद ठेवून गाडी घरंगळत सोडावी, म्हणजे नुसत्या टायरांचा आवाज मिळेल, असा लकडा त्यानं डॉक्टरांमागे लावला होता, हे घाटातल्या दुकानदारानं सांगितलं होतं.

कानसेननं ते लगेच कबूल केलं. विचारलं होतं, पण डॉक्टरांनी साफ उडवून लावलं. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा लागतो, तुझ्या आवाजासाठी मी दरीत जाऊ का, असं म्हणाले. त्यानं शेवटी तो आवाज एका हातगाडीवर भागवला.

बाईंनी मान हलवली. त्यांचाही हिशेब तोच होता. इंजिन बंद करून हा घाट कुणी उतरलं, तर तिसरं वळणही गाठणार नाही. आणि गाठलं, तरी तेवढ्या हळू, तेवढ्याशा उतरणीनं बुश इतकं जळायचं नाही. त्याला लांबचा पल्ला लागतो आणि बरा वेग लागतो. तो मिळतो खाली, सपाट रस्त्यावर. आणि सपाट रस्त्यावर गाडी आपण होऊन घरंगळत नाही. तिला कुणीतरी न्यावं लागतं.

“डॉक्टर लेकीकडे होते, तेव्हा टेकडीवर कुणी आलं होतं का?” त्यांनी विचारलं.

आपण कुणाला पाहिलं नाही, असं कानसेन म्हणाला. तो फारसं पाहतच नाही. पण त्या दिवसांत एका सकाळी झाडावर माइक लावून, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसला होता. एका पक्ष्यासाठी. पक्षी बोलणार इतक्यात पाण्याचा रिकामा टँकर खाली गेला आणि सगळी टेप फुकट गेली.

“टँकर रोज जातो,” बाई म्हणाल्या.

“रोज जातो. पण त्या दिवशी विचित्र गेला.” कानसेननं तेव्हासारखेच डोळे मिटले. “दोन गाड्यांची चाकं होती, बाई. इंजिन मात्र एकच.”

 बाईंना आता सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद होईना.

बॅटरी मेलेली होती, म्हणून दांड्याजवळचं झाकण उचकटलं गेलं. बॅटरी मेली, कारण गाडी महिनाभर शेडमध्ये उभी होती. महिनाभर उभी होती, कारण मालक डोळ्यावर पट्टी बांधून पालथा पडला होता. तेव्हा दोनच किल्ल्या होत्या. एक मालकाच्या उशाशी, आणि दुसरी जिच्या घरात तो पडला होता तिच्याकडे.

बाई गाडीत बसतात न बसतात तोच फोन वाजला. डॉक्टर होते. कानसेनच्या दाराशी उभी गाडी त्यांना वरून दिसली असणार.

“तुम्हाला कळलं ना?” त्यांनी विचारलं.

“कळलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्कशॉपमधून सामान आलं त्यात हुक होता, खरवडलेला. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. फ्लॅटमध्ये पालथे पडलेले असताना एकदा लेक दाराबाहेर कुणाशी तरी गाडीबद्दल हळू आवाजात बोलत होती. तिनं गाडी विकायला काढली होती, त्यांना न सांगता. गिऱ्हाइकाला पसंत पडली नाही, म्हणून नवी बॅटरी टाकून मुकाट्यानं शेडमध्ये आणून ठेवली. ओढण्यानं आतून काय झालं, याची तिला कल्पनाच नव्हती. न्यूट्रलमध्ये टाकलं की गाडी ओढायला मोकळी, असंच तिला वाटलं. साध्या गिअरच्या गाडीला ते चालतंही.

“मला गाडी नकोय, बाई,” डॉक्टर म्हणाले. “मला रविवार हवाय. दर रविवारी ती येते, दुपारभर भांडते आणि जाते. आठवड्यात माझ्याकडे तेवढंच आहे. तिची चूक उघडी पडली, तर मला घर मिळेल आणि ती येणार नाही. मी तिला ओळखतो. आपण चुकलो हे तिला सोसत नाही. ज्याच्यासमोर चुकली त्याचं तोंडही ती पाहत नाही. अगदी आईवर गेलीये.”

“मी खोटं लिहीत नाही, डॉक्टर.”

“मग रविवारी या,” ते थकून म्हणाले. “निदान मी तिथं असेन.”

५

रविवारी हॉलमध्ये तिघं होती. दातांच्या खुर्चीत कुणीच बसलं नाही. लेक स्टुलावर ताठ बसली होती, डॉक्टर खिडकीशी होते, आणि बाई उभ्याच राहिल्या, कारण त्यांना लवकर निघायचं होतं.

बाईंनी ठरवलं होतं, जे झालं ते सांगायचं आणि कुणी केलं ते सांगायचं नाही. रिपोर्टला नावाची गरज नसते.

“गिअरबॉक्समध्ये तेल पुरेपूर होतं,” त्यांनी सुरुवात केली. “पंप चांगला होता. तरी मागचं बुश तेलाविना जळलं. याचा अर्थ एकच होतो. चाकं फिरत होती, त्यांच्याबरोबर मागचा दांडा फिरत होता, आणि पंप थांबलेला होता. पंप थांबतो तो इंजिन बंद असलं तरच. न्यूट्रलनं हे झालेलं नाही. तुमच्या बाबांनी न्यूट्रलमध्ये ब्रेकचे पॅड खाल्लेत, ते त्यांना बदलावे लागतील. पण गिअरबॉक्स त्यांनी मोडला नाही. बंद गाडी कुणीतरी चाकांवर ओढत लांबवर नेली. त्यानंतर ती कशीबशी चालत राहिली आणि शेवटी त्या चढावर तिनं दम सोडला.”

 लेकीचा चेहरा हळूहळू बदलत होता आणि बाईंना तो पाहवेना.

“मीच नेली,” डॉक्टर खिडकीकडून म्हणाले. “टँकरवाल्याला सांगून. विसरलो होतो.”

“कधी?” लेकीनं विचारलं. शाळेत उशिरा आलेल्या पोरांना विचारतात तसं.

“मागल्या महिन्यात.”

“मागल्या महिन्यात तुम्ही माझ्या घरी पालथे पडला होतात, बाबा. मी तुम्हाला नळीनं चहा पाजत होते.”

 खोटं बोलण्यात डॉक्टर मुळातच कच्चे होते. दुखणार नाही म्हणून सांगायचे, तेसुद्धा त्यांच्या कुठल्या पेशंटला कधी खरं वाटलं नव्हतं.

 मग लेक बोलायला लागली, बाईंकडे पाहून, बाबांकडे नाही. झाकण तिनं केसांतल्या पिनेनं उघडलं होतं. टँकरमागे दोर बांधून, स्वतः स्टिअरिंगला बसून ती गाडी शहरात घेऊन गेली होती. स्टिअरिंग जेमतेम वळत होतं, सगळा जोर लावला तरच ब्रेक थोडा लागत होता, प्रत्येक वळणावर तिला वाटलं आता संपलं. आणि सगळ्या वाटेत एकच विचार, की बाबा रोज याच रस्त्यानं जातात. गिऱ्हाइकानं नको म्हटलं तेव्हा ती रडली होती. त्या रस्त्यावरून बाबांना काढायचंच, हे तिनं तिथंच ठरवलं. बाबांना विचारलं असतं, तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

“मी त्यांची गाडी मोडली,” ती म्हणाली, “आणि आठवडाभर त्यांनाच बोलत राहिले.”

मग ती बाबांकडे वळली. “तुम्हाला कधी कळलं?”

“हुक आला तेव्हा.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत. घर सोडायला निघालात, पण बोलला नाहीत. का?”

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. “तू यायची थांबली असतीस.”

लेक उभी राहिली. आतापर्यंत ती रडली नव्हती, आता मात्र तिचा आवाज फाटला. “इतकंच ओळखलंत मला? मी एक चूक केली म्हणून बापाकडे यायची थांबेन?”

“तू मला न विचारता गाडी विकायला काढलीस,” डॉक्टर म्हणाले. त्यांचाही आवाज चढला. “मी ऐकणारच नाही, हे तूच ठरवलंस. मग तू तरी मला किती ओळखलंस?”

बाईंनी टेबलावर रिपोर्टची सही केलेली प्रत ठेवली. त्यांच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

६

बाहेर ऊन होतं. बाई आपल्या गाडीत बसल्या, पण किल्ली फिरवली नाही. हॉलची खिडकी उघडी होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

आत आता गिअरबॉक्स कधीच मागे पडला होता. आईच्या आजारपणात कोण किती जागलं, तिथवर भांडण गेलं होतं. लेक म्हणत होती, तुम्ही मला कधी काही सांगितलंच नाहीत, दुखलंखुपलं तरी दार लावून बसायचात. डॉक्टर म्हणत होते, तुला सांगायची सोय होती का, तू लगेच डॉक्टर, औषधं, वेळापत्रक घेऊन उभी. मध्येच कपबशी आपटली. मध्येच दोघंही एकदम गप्प झाले, आणि बाईंना भीती वाटली की लेक आता पर्स उचलून बाहेर येईल.

ती बाहेर आली नाही. पुन्हा बोलणं सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्यानं. किल्ली तुमची तुम्ही ठेवा, पण डोळ्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं लेकीनं बजावलं. मला विचारल्याशिवाय त्यांची वेळ घ्यायची नाही, असं बापानं बजावलं. मग वेळ कधीची घ्यायची, यावर दोघांचं नव्यानं जुंपलं.

बाई ऐकत राहिल्या. आयुष्यात त्यांनी खूप भांडणं सोडवली होती, कंपनीची आणि गिऱ्हाइकांची, आणि सुटली की लोक पाठ फिरवून निघून जात. हे दोघं मात्र जागचे हलत नव्हते. बाईंना त्यांचा हेवा वाटला. घरी गेल्यावर त्यांना कुणी विचारणार नव्हतं, इतका उशीर का, न सांगता कुठं गेला होतात, आणि कशासाठी. त्या कुणाला काही न सांगता कुठंही जाऊ शकत होत्या, आणि कित्येक वर्षं तशाच जात होत्या.

आतून लेकीचा आवाज आला, बाबा, त्या बाई गेल्या का हो, त्यांना चहाही विचारला नाही. डॉक्टर म्हणाले, बघ बाहेर, असतील. पावलं दाराकडे येऊ लागली.

त्याआधीच बाईंनी इंजिन चालू केलं. आपण इथं का थांबलो होतो, हे कुणी विचारलं असतं, तर त्यांना खरं सांगता आलं नसतं.